रुमाल, रद्दी आणि पेनड्राइव्ह

मराठी लेखकाचे मुळात दोनच हट्ट. लिहिलेलं लगेच छापून यावं आणि छापलेलं कायमचं टिकावं. यातला पहिला हट्ट इंटरनेटने मुकाट्याने पुरवला. रात्री पावणेबाराला सुचलेली कविता बाराच्या ठोक्याला न्यू जर्सीतल्या मेव्हण्याच्या फोनवर असते. मिनिटभरात तो अंगठा दाखवतो आणि हल्ली ही दाद समजली जाते. संपादक नाही, 'साभार परत' नाही, मानधनाच्या चेकची वाट बघणं नाही, कारण मानधनच नाही. दुसरा हट्टही याच खेपेत पुरवला गेला, असा समज करून घेऊन लेखकवर्ग निर्धास्त झाला. एकदा नेटवर गेलं की ते जन्मात पुसलं जात नाही, असं जो तो सांगू लागला. हे खरं आहे, पण ते बहुधा कॉलेजच्या सहलीतल्या फोटोंपुरतं.

लेखनाची कथा वेगळी आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०२४ साली एक मोजदाद प्रसिद्ध केली. २०१३ साली नेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी जागेवर नव्हती. वाळवीलासुद्धा हा वेग झेपणार नाही. शिवाय वाळवी निदान कडेचे दोन शब्द तरी मागे ठेवते.

अर्थात मजकूर हरवायला मराठी माणसाला नेटची वाट पाहावी लागली नव्हती. १९९०च्या दशकात खिळे जुळवणारे गेले आणि गल्लोगल्ली डीटीपीवाले आले. पेजमेकर, बटर पेपरवरच्या प्रिंटा, प्रुफांवर लाल शाई, आणि फॉन्ट. श्रीलिपी, शिवाजी, किरण, सुरेख. प्रत्येकाचं घराणं वेगळं आणि एका घराण्याचं गाणं दुसऱ्याला कळत नसे. एकात 'क' ज्या इंग्रजी अक्षराच्या पोटात दडलेला, तिथे दुसऱ्यात 'ढ' बसलेला. परिणामी ज्या संगणकावर तो ठरावीक फॉन्ट नाही, तिथे 'ज्ञानेश्वरीतील अद्वैतविचार' हा चारशे पानी प्रबंध इंग्रजी अक्षरं, टक्के, डॉलर आणि उद्गारचिन्हं यांची रांगोळी होऊन उमटे. एका अर्थी द्वैत तिथे पूर्ण मावळलेलं असे. काही सॉफ्टवेअरांना संगणकाच्या पाठीत खुपसायचं एक कुलूपही लागायचं. डीटीपीवाल्याने धंदा बदलून झेरॉक्सचं दुकान टाकलं, की कुलूप त्याच्या ड्रॉवरमध्ये आणि कादंबरी फ्लॉपीत, अशी दोघांची कायमची ताटातूट होई.

युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संकेतपद्धतीत देवनागरीला जागा मिळाली १९९१ साली. पण छपाईच्या धंद्यातली सॉफ्टवेअरं तिला पुढची कित्येक वर्षं घरात घ्यायला तयार नव्हती, म्हणून मराठी पुस्तकं जुन्याच फॉन्टांत रचली जात राहिली. आता त्यातल्या एखाद्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली, की प्रकाशक कपाटातून सीडी काढतो, फुंकर मारतो, सीडी लावायला यंत्र शोधतो, यंत्र मिळालं तर फाईल उघडत नाही आणि उघडली तर अक्षरं फुटतात. शेवटी पहिल्या आवृत्तीचं छापील पुस्तक समोर ठेवून सगळा मजकूर नव्याने टाईप केला जातो. म्हणजे फाईल जपून ठेवली होती ती पुस्तकासाठी आणि कामाला आलं ते पुस्तक, फाईलसाठी. जुन्या चुका दुरुस्त होतात, तेवढ्याच नव्या होतात आणि मुखपृष्ठावर 'सुधारित आवृत्ती' असं छापलं जातं.

कागदाचं तसं नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. शंभरावर वर्षं उलटली. पण तो कुठे मिळालाच, तर उघडायला दोन हात आणि एक चष्मा पुरतो.

फायली न उघडण्याचं हे दुखणं एकट्या मराठीचं आहे असं मात्र नाही. इंग्लंडात विल्यम राजाने १०८६ साली साऱ्या मुलखाची पाहणी करून 'डूम्सडे बुक' लिहवून घेतलं. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवं, आधुनिक डूम्सडे तयार केलं. शाळाशाळांतली मुलं कामाला लागली, दहा लाखांवर लोकांनी हात लावला, नकाशे, फोटो, गावोगावच्या नोंदी असं सगळं लेसर डिस्कवर चढवलं. पंधरा वर्षांच्या आत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि हा ठेवा वाचवण्यासाठी संशोधकांची वेगळी पथकं नेमावी लागली. मूळचं चामड्यावर लिहिलेलं पुस्तक या सगळ्या काळात लंडनमध्ये शांतपणे बसून होतं. लॅटिन येत असेल तर आजही वाचता येतं.

कुलूप आणि किल्लीच्या ताटातुटीत मराठीचा नंबर मात्र फार वरचा लागेल. महानुभावांचं 'लीळाचरित्र' हा मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंडून-फिरून, माणसं गाठून गोळा केल्या. पुढे धाडीत मूळ प्रत गेली. मग अनुयायांनी पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा केला, साहजिकच प्रत्येकाच्या आठवणीप्रमाणे थोडा थोडा वेगळा. एवढ्या कष्टाने परत मिळवलेला ग्रंथ भलत्याच्या हाती पडू नये म्हणून पंथाने तो सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवला आणि किल्ली आपल्यापाशी ठेवली. ती इतकी चोख ठेवली, की मराठी गद्याचा हा मूळपुरुष पंथाबाहेरच्या मराठी माणसाला काही शतकं वाचताच आला नाही. अखेर १९१०च्या सुमारास विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी त्यांतली 'सकळ' नावाची लिपी फोडली. पासवर्ड विसरल्याची तक्रार घेऊन बँकेत जाणाऱ्यांनी ही मुदत लक्षात ठेवावी.

तुकोबांच्या बाबतीत वह्या इंद्रायणीत गेल्या आणि तेराव्या दिवशी वर आल्या. भाविक म्हणतात, पांडुरंगाने राखल्या. अभ्यासक म्हणतात, अभंग लोकांच्या ओठांवर होते आणि संताजी जगनाड्यांसारख्यांच्या वह्याही होत्या. वाद कितीही घालावा, गाथा एका प्रतीच्या भरवशावर नव्हती एवढं दोन्ही पक्षांना मान्य व्हायला हरकत नाही.

डिजिटल पुस्तकाची गंमत अशी, की ते विकत घेणाऱ्याकडे असतंही आणि नसतंही. जुलै २००९मध्ये अमेरिकेतल्या काही वाचकांनी आपलं किंडल उघडलं, तर पैसे मोजून घेतलेली पुस्तकं आतून नाहीशी झालेली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कळताच अॅमेझॉनने ती दूरवरून पुसली आणि पैसे खात्यात परत टाकले. पुस्तक कुणाचं, तर जॉर्ज ऑर्वेलचं. त्यातही '१९८४', म्हणजे नको असलेली जुनी कागदपत्रं भट्टीत घालणाऱ्या राजवटीची कादंबरी. विनोदी लेखकाने हा प्रसंग रचला असता तर संपादकाने 'फारच ठरवून केलेलं वाटतं' असा शेरा मारून परत केला असता. एका विद्यार्थ्याने पुस्तकावर अभ्यासाच्या टिपा काढल्या होत्या, त्या निराधार झाल्या आणि तो कोर्टात गेला. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीर माफी मागितली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला कुठलाही पुस्तकांचा दुकानदार विकलेलं पुस्तक न्यायला रात्री कुणाच्या घरात शिरल्याचं ऐकिवात नाही. तो तर दिवसाढवळ्या आणून दिलेलंही परत घेत नाही.

एवढं सगळं झाल्यावर कुणीही विचारील, की मग जपायचं तरी कशासाठी? लेखकाचं उत्तर तयार असतं: पुढच्या पिढ्यांसाठी. पुढच्या पिढ्यांना हे कुणी विचारलेलं नसतं. आणि जपणुकीचा आजवरचा इतिहास पाहिला तर एक मोठी मौज दिसते. कागद ज्या कारणासाठी जपला जातो, त्या कारणासाठी तो सहसा कुणी वाचत नाही.

पुण्याचं पेशवे दप्तर घ्या. कोट्यवधी कागद, बहुतेक मोडी लिपीत, कापडात बांधलेले. या गाठोड्यांना तिथे रुमाल म्हणतात. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी हे दप्तर ताब्यात घेऊन सांभाळलं. त्यामागे मराठ्यांच्या इतिहासावरचं प्रेम शोधू जाणाऱ्याची निराशा होईल. कुणाचं इनाम खरं, कुणाचं वतन बनावट, कुणाची जमीन काढून घेता येईल, याचे पुरावे त्या रुमालांत होते. १८५२च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने ते चाळले तेही याच नजरेने. इतिहासाच्या अभ्यासकांना तर आत सोडायलाच सरकार फार काळ नाखूश होतं, कारण इतिहासाचा उपद्रव इनामापेक्षा वाईट. १९३०नंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले आणि महसुली खात्याने संशयापोटी राखलेल्या गाठोड्यांतून अठरावं शतक बाहेर आलं. हिशेब तपासणाऱ्या कारकुनांचे उपकार इतिहासाने अजून नीट फेडलेले नाहीत.

राजवाड्यांचंही तेच. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली छापला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रं होती. राजवाडे पायपीट करत जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर चढले, कारण तिथे घराण्यांनी बाडं ठेवली होती. घराण्यांनी ती ठेवली होती पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या आठवणीने गहिवरून नव्हे. भाऊबंदांशी दावा लागला तर कागद हाताशी असावा, म्हणून. मराठी माणसाची दोन थोर बळं, इतिहासप्रेम आणि भाऊबंदकी. त्यातल्या दुसऱ्याने पहिल्याला जन्मभर पोसलेलं आहे.

जपणुकीचं आणखी एक कारण म्हणजे श्रद्धा, आणि तिच्या जोडीला आळस. जुन्या कैरोत फुस्तात इथे बेन एझ्रा नावाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. ईश्वराचं नाव ज्यावर असू शकेल असा कागद फेकायचा नाही, म्हणून तिथले लोक लिहिलेला प्रत्येक कागद एका कोठडीत टाकत गेले. जवळपास हजार वर्षं टाकत गेले. १८९६-९७ साली केंब्रिजचे सॉलोमन शेश्टर तिथे पोचले, तेव्हा धर्मग्रंथांच्या पानांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रं, हिशेब, लग्नाचे करार असा लाखो तुकड्यांचा ढीग निघाला. बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू याचा पत्रव्यवहारही त्यात आहे. त्याला पश्चिमेकडचे मित्र ज्या वस्तू पाठवत, त्यांत लिहिण्याचा कागद असे, कारण तेव्हा तो मंगळूरला सहज मिळत नव्हता. हिंदी महासागरातल्या त्या काळच्या व्यापाराचा बराच इतिहास या टाकाऊ ढिगावर उभा आहे.

महाराष्ट्रात ही कोठडी घरोघर आहे. लग्नपत्रिकेवर गणपती असतो. ती फाडवत नाही, रद्दीत देववत नाही, कचऱ्यात तर नाहीच नाही. म्हणून ती पिशवीतून कपाटाच्या डोक्यावर जाते आणि तिथेच राहते. उद्याचा समाजशास्त्रज्ञ त्या पिशव्या उघडील तेव्हा त्याला आडनावं, गावं, कार्यालयं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं आग्रहाने सांगणारी चिमुरडी मंडळी आणि 'आहेर आणू नये' या विनंतीचा उदय एवढं सगळं तारीखवार हाती लागेल. त्याच कपाटाच्या खालच्या खणातला, वधूपित्याने स्वखर्चाने काढलेला काव्यसंग्रह तो बाजूला ठेवील.

लेखकाला हे रुचत नाही, पण नियम हाच आहे. जुनं वर्तमानपत्र हाती आलं की आजचा वाचक अग्रलेखावर अर्धं मिनिट घालवतो आणि शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातीवर दहा. उद्याचा वाचक काही वेगळा निघणार नाही. आजचे कथा, कविता, चिंतन सोडून तो 'गुड मॉर्निंग'चे गुलाब मोजत बसेल आणि त्यावर त्याला पीएच.डी. मिळेल. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० साली ट्विटरवरचं झाडून सगळं जाहीर लेखन जपायला घेतलं होतं. सात वर्षांत दम लागला. २०१८पासून निवडकच घ्यायचं ठरलं. निवडकमध्ये काय येतं, तर पुढारी काय म्हणाले वगैरे. म्हणजे जे इतर दहा ठिकाणी आपोआप टिकणारच आहे.

निवड न करता सगळंच गोळा करणारी वेडी माणसंही आहेत, हे जगाचं नशीब. ब्रूस्टर केल या गृहस्थांनी १९९६ साली इंटरनेट आर्काइव्ह सुरू केलं. सॅन फ्रान्सिस्कोत एक जुनं चर्च विकत घेऊन ते तिथे राहतं. ज्या कर्मचाऱ्याने तीन वर्षं नोकरी केली, त्याचा छोटा मातीचा पुतळा करून चर्चच्या बाकांजवळ उभा करतात. आपल्याकडे पुतळ्यासाठी माणसाला मरावं लागतं. नेटवरच्या पानांच्या प्रती काढत काढत या संस्थेने २०२५ साली एक लाख कोटींचा आकडा गाठला. त्याच्या आदल्या वर्षी मात्र तिच्यावर सायबर हल्ला होऊन तीच काही दिवस बंद पडली होती. तेव्हा जपणाऱ्याला कोण जपतं, हा प्रश्न चर्चमध्येही सुटलेला नाही.

या संस्थेत मराठी पुस्तकंही पुष्कळ आहेत, आणि ती तिथे पोचली कशी हाही एक किस्साच आहे. भारतात सरकारी पैशाने 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' झाली, लाखो पुस्तकं स्कॅन झाली. पुढे ती साईट बंद पडली. त्याआधी काही बाहेरच्या उत्साही मंडळींनी तिच्या प्रती उतरवून घेतल्या होत्या, म्हणून ती पुस्तकं उरली. स्कॅनिंगचा दर्जा म्हणाल तर बरीच पानं तिरकी, काही दोनदा, काही एकदाही नाहीत आणि अधूनमधून स्कॅन करणाऱ्याची बोटं. ग्रंथांची नावं रोमन लिपीत अशी टाईप केलेली, की खुद्द ग्रंथकाराला ओळखू येऊ नयेत. तरीसुद्धा साताऱ्यातल्या एखाद्या खोलीत बसून रात्री दोन वाजता १८९० सालचं पुस्तक फुकट वाचता येतं, आणि बोटं दिसली तर दिसली. पोथ्यांवर नक्कलकारांच्या चुका असतात, त्यांना आपण पाठभेद म्हणतो. ही बोटं त्याच परंपरेतली.

पूर्वी कुठली पुस्तकं निघाली हे आज कळतं ते तरी कसं? १८५७ची धग अजून विझली नव्हती, तेव्हा १८६७ साली इंग्रज सरकारने छापखान्यांचा कायदा केला: जे छापाल त्याच्या प्रती सरकारजमा करा. नेटिव्ह लोक काय लिहितात यावर डोळा ठेवणं हा हेतू. त्यातून दर तिमाहीला ग्रंथांच्या याद्या निघू लागल्या. राजद्रोह पकडण्यासाठी सुरू झालेल्या या नोंदींत पाकशास्त्र, पंचांगं, लावण्या, बाळंतशास्त्र असं सगळं बिनबोभाट टिकलं. पुढे शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालयं धुंडाळून १८००पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची केली. पहिला भाग १९४३ला आला, दुसरा १९६१ला. 'दाते सूची' हातात घेतली की मराठीत किती जणांनी अमर होण्याचा प्रयत्न केला ते एकदम दिसतं. बहुतेकांची उरलीसुरली अमरता त्या सूचीतल्या दोन ओळींतच आहे. ती दात्यांनी दिली, प्रतिभेने नव्हे.

आता राहिला व्यवहार. ज्यांच्या कपाटात जुन्या फॉन्टांतल्या सीड्या आहेत, त्यांनी सीडी फिरवणारं यंत्र शेजारीपाजारी कुठे जिवंत असेल तोवर मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा; फॉन्ट बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. फक्त नेटवर लिहिणाऱ्यांनी वर्षाचं लेखन एकदा कागदावर छापून चारजणांच्या घरी ठेवावं, त्यांतला एक तरी आळशी असेल असं पाहून. आणि प्रकाशकांसाठी १९५४चा ग्रंथप्रदान कायदा आहे. पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत, स्वतःच्या खर्चाने, कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत पाठवायची असते. न पाठवल्यास पुस्तकाची किंमत आणि वर ५० रुपयांपर्यंत दंड.